मुळशीच्या फोटोत नसलेला मुलगा

नववीच्या सहलीचा ग्रुप फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असेल. डिसेंबर १९९४, मुळशी धरण. मागे निळंशार पाणी, पुढे आपण सगळे उन्हामुळे डोळे बारीक करून उभे, डावीकडे पीटीचे सर तोंडात शिट्टी धरून आणि उजव्या कडेला आपल्या लाल एसटीचा जरासा भाग. संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी 'आठवणीतला एक फोटो आणि त्यावर दोन शब्द' मागितले, तेव्हा मी हाच निवडला. दोन शब्दांचे बरेच जास्त झाले आहेत, त्याबद्दल आधीच माफी मागते.

या फोटोत आपला एक वर्गमित्र नाही. तो गाडीतून उतरलाच नव्हता. बाईंनी विचारलं तर म्हणाला, पोट दुखतंय. त्याचं नाव लिहीत नाही, तुम्हाला कळेलच. लेख छापायला देण्याआधी त्याला वाचून दाखवला आहे, आणि 'नाव नको टाकूस' एवढीच त्याची अट होती. तो मुळशीकडच्या एका वस्तीवरून आला होता आणि कोथरूडला सुतारदऱ्यात मामाकडे राहून शिकत होता. मागच्या बाकावर बसायचा, डब्यात तांदळाची भाकरी आणायचा आणि 'पाणी' या शब्दातला 'ण' बाईंना हवा तसा म्हणायला आठवीचं अख्खं वर्ष झगडला. आपण हसायचो.

गेल्या वर्षी आपला व्हॉट्सॲप ग्रुप तयार झाला. त्यालाही कुणीतरी शोधून आणलं. महिन्याभरात 'मुळशी पॅटर्न' सिनेमाचे विनोद सुरू झाले. भाई, गुंठाभर जमीन स्वस्तात बघ की. गुंठामंत्र्यांनी या वेळचं गेट-टुगेदर स्पॉन्सर करावं. आणि असंच बरंच काही. एका रात्री तो ग्रुपमधून बाहेर पडला. विनोद कुणी टाकले ते मला इथे उकरायचं नाही. हसण्याचे चेहरे टाकणाऱ्यांत मीही होते.

दोन दिवसांनी मी त्याला फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "सहलीच्या दिवशी तू काय म्हणाली होतीस, आठवतंय का?" मला आठवत नव्हतं. त्याला शब्दन् शब्द आठवत होता. गाडी पौड सोडून पुढे गेली, पाणी दिसायला लागलं, तेव्हा मी खिडकीतून ओरडले होते, "इथल्या लोकांची मज्जा आहे यार, रोज फुकटात तलाव बघायला मिळतो." त्याच्या पणजोबांचं गाव त्या तलावाखाली आहे. आणि त्या तलावाच्या पाण्यावर मुंबईत दिवे लागत असताना त्याने चौथीपर्यंतचा अभ्यास चिमणीच्या उजेडात केला होता.

त्यानंतर मी मुळशीबद्दल वाचायला घेतलं. मी इतिहासाची माणूस नाही, बी.ई. कॉम्प्युटर आहे. शाळेत इतिहासात मला सनावळ्यांपुरतेच मार्क मिळायचे, हे आपल्या सरांना आठवत असेल. पण हा इतिहास आपल्या पौड रोडच्या दुसऱ्या टोकाला घडला, आणि दहावीपर्यंत आपल्याला त्यातलं एवढंच माहीत होतं की सेनापती बापट नावाचे क्रांतिकारक होते आणि त्यांच्या नावाचा एक रस्ता आहे.

आधी इंजिनिअरच्या नजरेने बघते, कारण मला तीच सवय आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो. तिथे उगम पावणाऱ्या मुळा, नीला या नद्यांना कोकणचा कडा अगदी हाकेच्या अंतरावर असतो, पण त्या उलट्या पूर्वेला वळतात आणि भीमा-कृष्णेतून पार बंगालच्या उपसागराला मिळतात. भिंत बांधून हे पाणी अडवायचं, बोगद्यातून पश्चिमेला वळवायचं आणि सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडायचं, की टर्बाइन फिरतं. कल्पना इतकी देखणी आहे की पहिल्यांदा नकाशावर पाहिली तेव्हा मी स्वतःशीच 'वा' म्हटलं. टाटांनी ती तीनदा केली. लोणावळ्याच्या तलावांवरून खोपोलीचं केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरी १९२२ मध्ये आणि मुळशीच्या पाण्यावर भिरा १९२७ मध्ये. गिऱ्हाईक होतं मुंबई. तिथल्या कापडगिरण्या तोवर कोळशाच्या वाफेवर चालत, आणि तो कोळसा लांबून आणावा लागे. स्वस्त, विनाधूर वीज कुणाला नको होती?

प्रश्न होता खोऱ्यातल्या माणसांचा. पन्नासहून अधिक गावं, दहा-अकरा हजार माणसं, आणि भातखाचरं. मुळशीचा आंबेमोहोर पुण्यातल्या घरांत नावाजलेला होता, आजही आहे. कंपनीने जमीन ताब्यात यायच्या आधीच चर खणायला सुरुवात केली, कुणा शेतकऱ्याने हरकत घेतली तर गोऱ्या इंजिनिअरने त्याच्यावर पिस्तूल रोखलं, अशी हकीकत त्या आंदोलनाच्या आठवणींत सांगतात. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठीही सरकारला जमीन घेता येत असे. माणसं 'नाही' म्हणाली तरी कायद्याच्या दृष्टीने प्रश्न फक्त किमतीचा उरायचा. हाच कायदा, दुरुस्त्या होत होत, २०१३ पर्यंत आपल्याकडे होता. माझ्या नोकरीची पहिली दहा वर्षं त्याच्याच राज्यात गेली म्हणा ना.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले, बायकापोरांसकट. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. काम थांबलं. त्याच महिन्यात गांधीजींनी 'यंग इंडिया'त मुळशीबद्दल लिहिलं आणि टाटांना फेरविचाराची विनंती केली. काही महिने खरोखर वाटलं असेल की जमतंय. मग वर्ष संपता संपता काम पुन्हा सुरू झालं, आणि धरपकडही. शिवरामपंत परांजप्यांसारखे मोठे लोक तुरुंगात गेले, विनायकराव भुस्कुटे गेले, मावळे गेले, मावळ्यांच्या बायकाही गेल्या.

आणि बापट. हे वाचताना मी थबकले, कारण पारनेरचा हा माणूस शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला गेला होता तो इंजिनिअरिंग शिकायला. इंग्रज राजवटीविरुद्ध बोलल्यामुळे शिष्यवृत्ती गेली. तिथून पॅरिस, बाँबची विद्या, भूमिगत आयुष्य. मुळशीत लोक त्यांना 'सेनापती' म्हणू लागले. सत्याग्रह विझत आला तेव्हा, डिसेंबर १९२४ मध्ये, त्यांनी मोजक्या साथीदारांसह शस्त्रं घेऊन धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. सात वर्षांची शिक्षा झाली. सुटले ते १९३१ मध्ये, तोवर भिऱ्याची वीज मुंबईला जाऊन चार वर्षं झाली होती. आज मुंबईत सेनापती बापट मार्ग जातो तो परळ-दादरच्या जुन्या गिरण्यांना लागून. पुण्यातल्या सेनापती बापट रस्त्यावर काचेची ऑफिसं आहेत. माझी दुसरी नोकरी त्यांतल्याच एकात होती. साडेतीन वर्षं रोज त्या पाटीखालून गेले, एकदाही प्रश्न पडला नाही.

मी इतका वेळ 'टाटा आणि मुंबई एका बाजूला, मावळे आणि पुणे दुसऱ्या बाजूला' असं धरून वाचत होते. पुण्याची ना मी! सभा पुण्यात झाल्या, 'केसरी'त रकाने आले, स्वयंसेवक पुण्यातून गेले. मग राजेंद्र व्होरा यांचं पुस्तक हाती आलं. ते पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायचे. मुळशीवरच्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाचं नावच या लढ्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हणतं. त्यांनी जे दाखवून दिलं ते मला जड गेलं. खोऱ्यातली कितीतरी जमीन कसत होते मावळे, पण कागदावर ती होती पुण्यातल्या सावकारांच्या नावावर किंवा त्यांच्याकडे गहाण. सावकाराला भात नको होता, वसुली हवी होती. सरकारने चांगला भाव दिला तर बुडीत खात्यातलं कर्ज एका दिवसात रोख होणार होतं. शहरातल्या जमीनमालकांचा विरोध मोबदल्याच्या वाटाघाटींपाशी येऊन मऊ पडला. कूळ म्हणून कसणाऱ्याला त्या मोबदल्यात काय मिळणार? मावळ्याला पुण्याचे पुढारी आपल्यासाठी तुरुंगात जाताना दिसत होते आणि पुण्याचा सावकारही दिसत होता. दोघे एकाच पेठेत राहत होते. त्याने कुणावर किती विश्वास ठेवायचा?

हे वाचल्यावर मी बाबांना फोन केला.

आमच्या घरात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे: 'मुळशीला आपली जमीन होती, ती धरणात गेली.' आजी हे सांगताना सुस्कारा टाकायची. पणजोबा सत्याग्रहाच्या सभेला हजर होते, हेही ती अभिमानाने सांगायची. थोडक्यात, आमचं घराणं म्हणजे धरणग्रस्त. जुना वाडा पाडून इमारत झाली तेव्हा एक पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली होती, ती मी माळ्यावर टाकून दिली होती. ती उतरवली. आत मोडीतले कागद. ओळखीच्या एका मोडी वाचणाऱ्या आजोबांकडे ते घेऊन गेले. त्यांनी शांतपणे वाचून सांगितलं, "हे गहाणखत आहे. कर्ज फिटलं नाही म्हणून जमीन तुमच्या पणजोबांकडे आली. कसणारा तोच राहिलाय, खंडाने." दुसरा कागद मोबदल्याच्या रकमेबद्दलचा होता. पैसे आमच्या घरात आले होते. कसणाऱ्याचं नाव त्या कागदात नाही.

बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अगं, त्या काळी सगळेच करायचे. आणि पणजोबा सभेला गेले होते हे खरंच आहे." मलाही ते खोटं वाटत नाही. सभेला गेलेही असतील, पैसेही घेतले असतील. माझ्या वर्गमित्राच्या गावाचा आणि त्या गहाणखताचा काही संबंध नाही, गाव वेगळं आहे. मी हे त्याला सांगितलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "म्हणजे वाचलीस!"

पुढचं थोडक्यात लिहिते, कारण ते तुम्हीही पाहिलं आहे. मी नोकरीला लागले हिंजवडीत. हिंजवडी आणि माण ही मुळशी तालुक्यातली गावं आहेत, हे आमच्यातल्या किती जणांना माहीत होतं कोण जाणे. आमच्या बोलण्यात 'फेज वन', 'फेज टू' असायचं, गावाचं नाव फक्त कॅबच्या वेळापत्रकात. चैत्रात म्हातोबाच्या यात्रेला तिथे बगाड निघतं. रस्ते वळवले जातात, आणि आमच्याकडे मेल फिरायची की आज घरून काम करा, 'स्थानिक कार्यक्रमा'मुळे वाहतूक बंद आहे. एक सहकारी वैतागून म्हणाला, या लोकांना यात्रेसाठी हाच रस्ता सापडतो का? कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या एका मावशींनी ते ऐकलं. त्या म्हणाल्या, "दादा, यात्रा पहिल्यापास्नं हितंच हाये. रस्ता तुमचा नवा हाये." त्याला हसू आलं, मला नाही आलं असं लिहायला आवडलं असतं. मीही हसले होते. त्या मावशींची जमीन एमआयडीसीत गेली होती, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

आणि ९ ऑगस्ट २०११. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला, तिघांचा जीव गेला, त्यांत एक बाई होती. आमचे क्लायंट त्या दिवशी मुंबईहून येत होते. ते कुठे अडकलेत, जेवणाची ऑर्डर रद्द करायची की कसं, यावर आमच्याकडे दोन तास चर्चा झाली. मी तेव्हा राहत होते वाकडला. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतं, म्हणजे माझ्याच नळाला ते पाणी येणार होतं.

यात शहरातली माणसं दुष्ट आणि गावातली भोळी, असं काही मला म्हणायचं नाही. त्याला तर ते मुळीच आवडत नाही. त्याच्या भावकीतल्या काहींनी रस्त्याकडेच्या जमिनी विकल्या, पैसा आला आणि गेला, दोन पोरं वाया गेली. 'सिनेमात दाखवलंय ते काही खोटं नाही,' असं तोच म्हणाला. त्याचा राग सिनेमावर नव्हता. आपल्याला त्याच्याबद्दल माहीत असलेली एकच गोष्ट सिनेमातून आलेली होती, याचा त्याला राग होता. एका वर्गात बसून! आणि उलट बाजूने त्याचाही एक गैरसमज होता, तो त्याने फोनवर कबूल केला. त्याला वाटायचं, आपल्याला सगळं ठाऊक आहे आणि ठाऊक असूनच आपण हसतो. आपल्याला काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं, हे त्याला या वयात कळलं. "हे तेव्हा कळलं असतं तर उतरलो असतो गाडीतून," म्हणाला.

गेल्या मे महिन्यात मी त्याच्या घरी जाऊन आले. पाणी बरंच खाली गेलं होतं. काठाने चालताना त्याने भेगाळलेल्या गाळात काही दगड दाखवले. घराचं जोतं असावं, दोन पायऱ्या शाबूत होत्या. "आमचंच असं नाही सांगता येत," म्हणाला, "पण आजोबा इथं आले की चप्पल काढायचे." काठाच्या वरच्या अंगाला कंपनीच्या हद्दीचे दगड आहेत. त्यांच्या आत घराची भिंत वाढवायची तर परवानगीची भानगड असते. सरकारी कामाचं मी ऐकून होते, इथे ते खासगी हद्दीबद्दल ऐकत होते. आता मागणी अशीही आहे की मुळशीचं पाणी कोकणात सोडण्याऐवजी पुण्याला द्यावं. मी त्याला विचारलं, तुझं काय मत? तो म्हणाला, "मुंबईला जातंय ते पुण्याला जाईल. आमच्या वरच्या वस्तीला मार्चपास्नं विहीर आटती, तिचं बोला." भिऱ्याच्या केंद्राची क्षमता आज ३०० मेगावॉट आहे, मुंबईत अचानक मागणी वाढली की काही मिनिटांत ते चालू करता येतं, वगैरे मी सांगायला लागले होते. मग थांबले.

त्याच्या आईने पाटावर बसवून जेवायला वाढलं. आंबेमोहोर, हरभऱ्याचं कालवण, तांदळाची भाकरी. "पुण्याच्या का तुम्ही? वर्गात व्हता म्हणं याच्या. हा लई गप असायचा का वर्गात?" मी हो म्हटलं. दुसरा भात वाढताना लाइट गेली, पंखा थांबला. मी मोबाइलचा टॉर्च लावायला गेले, तर म्हातारी अंधारातच वाढत राहिली आणि म्हणाली, "मुंबईला गेली आसंल. यील."

मेळाव्याला येणार का, असं मी निघताना त्याला विचारलं. आपण जुलैचा दुसरा रविवार धरला आहे. तारीख ठरवताना अमेरिकेतल्या तिघांच्या सुट्ट्या पाहिल्या, मुलांच्या परीक्षा पाहिल्या. त्या दिवसांत त्यांच्याकडे आवणी असते, चिखलातून माणूस वर येत नाही. "पाऊस उशिरा आला तर येतो," म्हणाला.

मग त्याने एक काम सांगितलं, आणि खरं तर त्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. त्या ग्रुप फोटोत एसटी दिसते. तो चालकाच्या मागच्या तिसऱ्या खिडकीत बसला होता, आणि फोटो काढला त्या क्षणी तो खिडकीतून आपल्याकडेच बघत होता, असं त्याला पक्कं आठवतं. माझ्या प्रतीत गाडीचा फक्त पुढचा चाकाकडचा भाग आला आहे, बाकी कडेला कापलं गेलं आहे. ज्यांनी मोठ्या आकाराची प्रत घेतली होती, त्यांच्याकडे कदाचित पूर्ण गाडी असेल. जरा जुने अल्बम काढून बघा. सापडला तर स्कॅन करून मला पाठवा, मी मोठा करून बघते.